एकट्याचं खाणकाम

परवा मामेभावाचा फोन. "दादा, घरी एकट्याने बिटकॉइन माइन करायचं यंत्र हप्त्यावर मिळतंय. घेऊ का?" त्याच्या डोळ्यांसमोर ३.१२५ बिटकॉइन! एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे एवढं बक्षीस मिळतं, आणि 'सोलो'त ते कोणाशी वाटून घ्यावं लागत नाही. खरंय.

काम तसं बिनडोक. ब्लॉकच्या माहितीतला एक आकडा बदलत राहायचा, दर वेळी एसएचए-२५६ चालवायचं, उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली आलं की जिंकलात. मेख अशी, की वर्षभर यंत्र चालवलं तरी उद्याची शक्यता कालच्याएवढीच. विहीर खणताना निदान खड्डा तरी पडतो!

आता हिशोब. असं छोटं यंत्र सेकंदाला साधारण १ टेराहॅश करतं. जगभरच्या यंत्रांची बेरीज २०२५ मध्ये १ झेटाहॅशवर गेली, म्हणजे १०० कोटी पट. वर्षाला ब्लॉक साधारण ५२,५६०. म्हणजे एक ब्लॉक लागायला सरासरी १९ हजार वर्षं! अधूनमधून एखाद्याला लागतोही, पण बातमी फक्त त्याचीच होते. आणि लागलाच, तर आपल्याकडे २०२२ पासून विकताना ३० टक्के कर. विजेचं बिल त्यातून वजा होत नाही.

पूलमध्ये गेलं तर थोडाथोडा वाटा मिळत राहतो, पण एवढ्याशा यंत्रावर विजेचं बिल सुटलं तरी खूप.

माझं मत? हे लॉटरीचं तिकीट आहे, धंदा नाही. हॅशिंग शिकायची हौस असेल तर खुशाल घ्यावं. पण तिकीट कोणी हप्त्यावर घेतं का?

त्याला तेवढंच सांगितलं. रुसलाय सध्या. असो.