हजेरीपटाचे पहिले पान

आकडा खोटे बोलत नाही, असे म्हणतात. वीस वर्षे शाळेत हजेरी घेतल्यावर माझा ह्या वचनावर फारसा विश्वास उरलेला नाही. आकडा बिचारा खराच असतो. पण तो कोणत्या पानापासून मोजायचा हे वही राखणारा ठरवतो, आणि सारी मेख तेथेच असते.

मराठी दिवाळी अंकात ऑस्ट्रेलियातल्या बायकांच्या फुटबॉलचे काय काम, असे वाचक विचारतील. माझी एक जुनी विद्यार्थिनी मेलबर्नला संसार थाटून आहे. तिच्यामुळे मला ह्या खेळाचा नाद लागला. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. तो लाथेने उडवायचा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने सोबतिणीकडे ठोसायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंमधून लाथेने पार केला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. पुरुष अठरा खेळतात, बायका सोळा. एवढे पुरे.

आता भांडणाकडे वळते. पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये ब्रेंट हार्वे १९९६ ते २०१६ ह्या काळात ४३२ सामने खेळला. बायकांची राष्ट्रीय लीग २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि तिच्या वहीत शंभरी गाठणे हीच मोठी अपूर्वाई. हे ऐकून आमच्या शिक्षकांच्या खोलीतले एक गृहस्थ चहाचा घोट घेत म्हणाले, "बाई, शेवटी बायकांचा दम तेवढाच!"

ह्या गृहस्थांसाठी गणित फळ्यावर मांडते. पहिल्या तीन हंगामांत प्रत्येक संघाला साखळी सामने मिळाले सात-सात. २०२० मध्ये सहा झाले आणि महामारीने स्पर्धाच गुंडाळली गेली. त्या वर्षी विजेतेपद कोणालाच मिळाले नाही. २०२१ मध्ये नऊ. २०२२ साली दोन हंगाम झाले, दहा-दहा सामन्यांचे. मग २०२३ मध्ये दहा, २०२४ मध्ये अकरा, २०२५ मध्ये बारा. करा बेरीज: ८९. म्हणजे जी मुलगी पहिल्या दिवसापासून एकदाही आजारी पडली नाही, जिचा गुडघा कधी दुखावला नाही, तिलाही अखेरच्या बाद फेऱ्यांचे सामने सोडले तर नऊ वर्षांत ८९ च मिळणार. पुरुषांना २०२३, २०२४ आणि २०२५ ह्या तिन्ही वर्षी तेवीस-तेवीस साखळी सामने मिळाले. त्या गतीने ते चार वर्षांत ८९ च्या पुढे जातात. शाळा वर्षातून सात दिवस उघडायची आणि मुलींची हजेरी कमी भरते म्हणून नाक मुरडायचे, असा हा न्याय!

(आपणही हसायला नको. मुंबईची डायना एडलजी १९७६ ते १९९१ ह्या काळात कसोट्या खेळली वीस. पुढे २०१४ च्या अखेरीपासून २०२१ च्या जूनपर्यंत भारतीय महिलांना कसोटी सामना म्हणून मिळाला नाही.)

पण सामने थोडे, हा माझ्या रागाचा निम्माच भाग झाला. माझे खरे भांडण त्या वहीच्या पहिल्या पानाशी आहे. पुरुषांची वही १८९७ पासून लिहिली जाते. ती लीग तेव्हा व्हिक्टोरियाची होती. 'ऑस्ट्रेलियन' हे नाव तिने १९९० साली घेतले. नाव बदलले, पसारा वाढला, पण वही तीच राहिली. मायकेल टक १९७२ ते १९९१ ह्या काळात ४२६ सामने खेळला, त्यांतले बहुतेक सारे जुन्या नावाखाली. 'टकबुवा, तुमचे ते सामने एका राज्याचे, ते धरता येणार नाहीत', असे त्याला कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

बायकांना मात्र नेमके हेच सांगितले जाते. १९१५ साली पर्थमध्ये एका मोठ्या दुकानात काम करणाऱ्या मुली हा खेळ खेळल्याची नोंद आहे. व्हिक्टोरियात बायकांची लीग १९८१ साली चार संघांवर उभी राहिली. तेथे पगार नव्हता. पदरचे पैसे घालून, दिवसाची नोकरी सांभाळून खेळायचे. ह्या लीगमध्ये डेबी ली तीनशेहून अधिक सामने खेळली. २०२१ साली तिला ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात स्थान मिळाले. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री खेळाडू. राष्ट्रीय लीगच्या वहीत तिच्या नावे किती सामने? एकही नाही. मखरात बसवायला ती चालते, हजेरीपटात चालत नाही.

डेझी पिअर्स ही सुईणीचे काम करणारी. राष्ट्रीय लीग निघण्यापूर्वी कितीतरी वर्षे ती डेअरबिनच्या संघातून खेळत होती. २०१९ चा हंगाम जुळ्यांच्या बाळंतपणात गेला. २०२२ साली मेलबर्नची कर्णधार म्हणून विजेतेपद जिंकून तिने खेळ सोडला. तिच्या नावापुढे आकडा आहे ५५. एरिन फिलिप्सची तर आणखीच तऱ्हा. तेरा वर्षांची झाल्यावर मुलग्यांबरोबर खेळायचे नाही, हा नियम. आणि मोठ्या मुलींना संघ नाही. ती बास्केटबॉलकडे गेली, त्यात नाव काढले, आणि परत आली तेव्हा एकतिशी ओलांडली होती. पहिल्याच हंगामात लीगची सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. मधल्या अठरा वर्षांचा रकाना कोणाच्या नावे भरायचा?

ह्यावर आकडेपंडितांचे उत्तर ठरलेले आहे: दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पुरुषांचे राज्य-लीगचे सामने तरी कोठे धरतात? बरोबर. पण त्या पुरुषांपुढे वरचा जिना होता. चढायचे की नाही, हा त्यांचा प्रश्न. बायकांच्या इमारतीला २०१७ पर्यंत वरचा मजलाच नव्हता. जी लीग व्हिक्टोरियातल्या बायकांना सर्वांत वरची, तिला खालची म्हणायचे कोणत्या हिशेबाने?

माझी मागणी अवास्तव नाही. ५५ चे ३५५ करा, असे मी म्हणत नाही. राष्ट्रीय लीगच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखा आणि त्यात राज्य-लीगचे सामने लिहा. हे काम लवकर व्हायला हवे. व्हिक्टोरियाच्या त्या जुन्या लीगची जागा २०१६ साली नव्या स्पर्धेने घेतली. १९८१ च्या चार संघांतली सोळा वर्षांची पोरही आज साठीला आली असेल, आणि कोण कोणत्या सामन्यात खेळली हे कागदावर नसेल तेथे तिलाच विचारावे लागणार आहे.