कॅमेरा कोणाच्या उंचीवर?

गेल्या दिवाळीत आम्ही नाशिकच्या आजीला आमच्या मुलीचा श्लोक म्हणतानाचा व्हिडिओ पाठवला. आजीचे उत्तर आले, "आवाज छान आहे, पण मला नुसता भांगच दिसला."

खरेच होते ते. पोरगी आठ वर्षांची आणि आम्ही उभ्या उभ्या वरून चित्रण केलेले. वरून घेतले की मूल आहे त्याहून लहान आणि बिचारे दिसते. आता आम्ही जमिनीवर मांडी घालून बसतो, किंवा फोन पुस्तकांच्या चळतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला आडवा टेकवतो.

बालमित्रहो, तुमची खोड वेगळी. तुम्ही बोलताना पडद्यावर स्वतःलाच पाहत राहता. भिंग असते फोनच्या कडेला, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, हा दुसऱ्याच कोणाशी बोलतोय. आमच्याकडे भिंगाशेजारी आईची टिकली चिकटवलेली असते. तिच्याकडे बघून बोलायचे. फोन नाकाशी धरला तर नाकाचा बटाटा होतो, म्हणून दीड-दोन मीटर मागे सरा. खिडकी पाठीशी नको, समोर हवी. इथे डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधारून येते, तेव्हा चित्रण जेवणाआधीच उरका. आणि पडद्यावर पाटी उलटी दिसली तर घाबरू नका. वर्गातल्या एका चिरंजीवांनी 'शुभ दीपावली' मुद्दाम उलटे लिहून काढले. मुद्रित व्हिडिओत अर्थातच तेच उलटे आले!

हे सगळे शिकता येते. आमची चूक झाली ती दुसरीकडे.

वाढदिवसाचा व्हिडिओ आम्ही घरच्यांना पाठवला, तिकडे एका मामाने कौतुकाने तो यूट्यूबवर चढवला. चौकटीत शेजारची एक जर्मन मुलगीही होती. तिची आई दारात आली. आवाज चढवला नाही, फक्त विचारले, "आम्हाला विचारले होते का?" व्हिडिओ त्याच संध्याकाळी उतरवला. पण आमची मुलगी मागेच उभी होती. ती म्हणाली, "मलाही कुठे विचारले होते?"

इथल्या लोकांचा हा आग्रह इंटरनेटच्या फार आधीचा आहे. ३० जुलै १८९८ रोजी बिस्मार्क हॅम्बुर्गजवळ फ्रीडरिश्सरू येथे वारले. त्या रात्री दोन छायाचित्रकार खिडकीतून आत शिरले, मृतदेहाचे छायाचित्र घेतले आणि ते विकायला काढले. न्यायालयाने विक्री रोखली, पण आधार घ्यावा लागला तो परक्या घरात घुसण्याचा. स्वतःच्या चित्रावर माणसाचा हक्क असतो, असे सांगणारा कायदाच नव्हता. तो १९०७ साली झाला. त्याचे कलम २२ आजही लागू आहे: ज्याचे चित्र, त्याच्या संमतीवाचून ते पसरवायचे नाही, जाहीर दाखवायचे नाही. देखाव्यात ओझरती येणारी माणसे, मिरवणुकीतली गर्दी यांना सूट आहे. केकशेजारी उभ्या मुलीला नाही. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागते, आणि साधारण चौदाव्या वर्षापासून मुलाची स्वतःचीही लागते असे धरले जाते.

काही पालक म्हणतात, आजीआजोबा एवढे लांब, त्यांना दुसरे काय मिळते? अगदी मान्य. पण आजीला पाठवणे वेगळे आणि जगासमोर मांडणे वेगळे. आमचे मत असे, की वर्गाचे व्हिडिओ जाहीर ठिकाणी टाकूच नयेत. आणि घरातसुद्धा फोन उचलण्याआधी मुलाला विचारावे. चौदाव्या वर्षाची वाट कशाला पाहायची?

याची किंमत मोजावी लागते, हेही सांगतो. आमची मुलगी आतापर्यंत तीनदा 'नको' म्हणाली. त्यातल्या एकदा ती लेझीम खेळली, इतके छान की आमचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. आजीला ते फोनवर तोंडीच सांगितले. ती थोडी रुसली.

पुढच्या खेपेला मुलीने स्वतःच पुस्तकांची चळत रचली, टिकली लावली आणि आजीसाठी दोन मिनिटे बोलली. आजीचा लगेच फोन: "आता चेहरा छान दिसतो गं, पण भांग काही दिसत नाही. डोक्याला तेल लावतात ना तुझ्या?"