यात नवीन काय?

"यात नवीन काय?"

बी.ई.ला पोचलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी ऐकला असेल. आमच्या चौघांच्या ग्रुपला तो प्रोजेक्टचा विषय मांडताना तिसऱ्याच मिनिटाला ऐकावा लागला.

विषय साधा होता. वर्कशॉपच्या मागे, मोडक्या बेंचच्या ढिगाखाली, कॉलेजच्या पहिल्या रेसिंग कारचा मागचा पंख पडलाय. गाडी कधीच गेली. तिचे पाइप कापून पुढच्या गाड्यांना लावले, उरलेलं भंगारात. पंख तेवढा राहिला. त्याची एक उभी प्लेट वाकलीय, दुसरीला बोल्टच्या भोकापासून तडा गेलाय आणि मधल्या पात्याचा पत्रा रिव्हेटपाशी सुटलाय. हा पंख दुरुस्त करायचा आणि जुने फोटो, सीनियर्सकडची ड्रॉइंग जमवून त्याच्याभोवती त्या गाडीची प्रतिकृती उभी करायची, असं आमच्या मनात होतं.

पॅनलचं म्हणणं पडलं की दुरुस्ती हे मेस्त्रीचं काम. तुम्ही इंजिनिअर होणार आहात, तर नवा पंख डिझाइन करा, सॉफ्टवेअरवर हवेचा प्रवाह दाखवा, पेपर लिहा. विषय नामंजूर!

सरांवर राग नाही. पण त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, ते आज इथे देतेय.

आधी हे खूळ आमच्या डोक्यात आलं कुठून ते सांगते. 'कार्स' हा २००६चा पिक्चर तुम्ही पाहिला असेल. त्यातला 'किंग' आठवतो? निळा रंग, टोकदार नाक आणि मागे भलामोठा उंच पंख. ती गाडी म्हणजे १९७० सालची प्लिमथ सुपरबर्ड. अमेरिकेतल्या 'स्टॉक कार' रेसिंगची गाडी. स्टॉक कार म्हणजे शोरूममध्ये विकतात त्याच गाडीवरून तयार केलेली रेसची गाडी. तिच्या एक वर्ष आधी, १९६९मध्ये, क्रायस्लर कंपनीनेच डॉज चार्जर डेटोना काढली होती. नियम असा होता की रेसमध्ये उतरवायची गाडी निदान ५०० नगांत लोकांना विकायला काढलीच पाहिजे. म्हणून हा विमानासारखा पंख लावलेल्या गाड्या चक्क भाजी आणायला जाणाऱ्यांनाही विकल्या गेल्या!

पंखाचं काम सोपं आहे. विमानाचा पंख उलटा केला की तो वर उचलायच्या ऐवजी खाली दाबतो. मागची चाकं रस्त्याला चिकटून राहतात. डेटोनाचा पंख डिकीपासून सुमारे २३ इंच वर होता. डिकी उघडता यावी म्हणून एवढा उंच केला, असा किस्सा लोक आवडीने सांगतात. पण मुख्य फायदा असा की तेवढ्या उंचीवर काचेमागच्या गोंधळलेल्या हवेऐवजी स्वच्छ हवा मिळते. शिवाय त्याचे दोन उभे खांब विमानाच्या शेपटीसारखे गाडी सरळ ठेवतात. सप्टेंबर १९६९मध्ये टॅलाडेगाच्या पहिल्याच रेसमध्ये डेटोना जिंकली. २४ मार्च १९७०ला बडी बेकरने त्याच ट्रॅकवर डेटोना ताशी २०० मैलांच्या, म्हणजे ३२० किलोमीटरच्या वर पळवून दाखवली. पुढच्याच वर्षी, १९७१मध्ये, पंखवाल्या गाड्यांना इतकं छोटं इंजिन सक्तीचं केलं की त्यांचा खेळ आटोपला.

आता मुद्दा. डेटोना पाचशेच्या आसपास बनल्या, सुपरबर्ड दोन हजारांच्या आत. हौशी लोक मात्र हजारो. त्यामुळे तिकडे साधी जुनी गाडी घेऊन तिची सुपरबर्ड बनवतात. अशा प्रतिकृतीला लागणारा पंख नवाही विकत मिळतो. तरी काही जण कुठल्या तरी गोदामात सापडलेला, गंजलेला, भोकं पाडलेला जुना पंख घेतात आणि त्यावर महिनोन् महिने घालवतात. कशासाठी? रस्त्यावर तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३२० किलोमीटरला जेवढा दाब, त्याच्या एक चौसष्टांश ४० किलोमीटरला. कल्याण-शीळ रोडला तर तेवढाही वेग मिळत नाही!

मला विचाराल तर उत्तर त्या दुरुस्तीच्या कामातच आहे. ते काम काय असतं ते बघा. सुपरबर्डच्या पंखाचे खांब ओतीव ॲल्युमिनियमचे. आधी रंगाचे थर केमिकलने सोलायचे. घाईत जोरात वाळू मारली तर पृष्ठभाग खरवडला जातो. रंग निघाला की खाली कुणी तरी भरलेली लांबी, वाढवलेली भोकं, बोल्टच्या भोवतीची पांढरी पूड दिसते. ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट आणि पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. मग तडे शोधायचे. लाल डाय लावायची, पुसायची, पांढरा डेव्हलपर मारायचा, केसाएवढा तडाही लाल रेघ होऊन वर येतो. (हे प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनी केलंय. खरं तर एकाने केलंय आणि बाकीच्यांनी जर्नल उतरवलंय.) मग वेल्डिंग. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय दोन हजारांच्या पुढे. म्हणून टिग वेल्डिंग एसी करंटवर. ओतीव भागात वर्षानुवर्षं मुरलेलं तेल असतं, ते नीट काढलं नाही तर वेल्डमध्ये बुडबुडे. आधी गरम केलं नाही तर शेजारी नवा तडा. हे सगळं झालं की दोन्ही खांब एका पातळीत, एका कोनात बसवायचे.

आमचा पंख याहून साधा, पत्र्याचा आणि प्लेटचा. पण त्याच्यातही अडचणी आहेतच. तडा गेलेली प्लेट ६०६१-टी६ची आहे. तिला सरळ वेल्ड केलं तर शेजारच्या भागाची बरीचशी ताकद उष्णतेने निघून जाते. मग तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवायचा आणि वरून पट्टी रिव्हेट करायची का? की प्लेट नवी करायची? वाकलेली प्लेट सरळ केली तर ती किती उलट फिरेल, आणि त्या जागी कमजोर होईल का? सांगा, यातलं काय आपल्या सिलॅबसच्या बाहेरचं आहे?

आणि एक गोष्ट नव्या डिझाइनमध्ये मिळूच शकत नाही. नव्या पंखावर किती जोर येईल ते आपण गृहीत धरतो. सॉफ्टवेअर आपण दिलेल्या आकड्यांवर लाल-निळं चित्र काढून देतं. जुना पंख मात्र खरोखर मोडलाय. तडा बोल्टच्या भोकापासूनच का निघाला? एका बाजूनेच का? आमच्या सीनियर्सनी तेव्हा जे गृहीत धरलं, त्यात काय चुकलं ते त्या प्लेटवर लिहिलेलं आहे. कॉलेजकडे असलेला हा एक फुकटचा टेस्ट रिपोर्ट आहे आणि तो बेंचखाली पडलाय.

कुणी म्हणेल, नवीन प्लेट घातली, नवीन गाडी बांधली, मग त्यात जुनं काय राहिलं? ही तर नक्कल! बरोबर आहे, नक्कलच आहे. म्हणून ती नक्कल म्हणूनच दाखवायची. बदललेल्या प्रत्येक भागावर आतल्या बाजूने वर्ष ठोकायचं, काय जुनं आणि काय नवं याची यादी गाडीजवळ लावायची. तिकडे अस्सल गाड्यांना प्रचंड किंमत येते, त्यामुळे नक्कल अस्सल म्हणून खपवणारेही असतात. प्रतिकृती करणं हा गुन्हा नाही. ती लपवली की फसवणूक होते.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगते. मी ठाकुर्लीची. फास्ट लोकल आमच्याकडे न थांबता पुढे जाते, त्यामुळे बऱ्याच जणांना ठाकुर्ली खिडकीतूनच माहीत. पण याच ठाकुर्लीत, चोळ्याला, रेल्वेने १९२९च्या सुमारास स्वतःचं पॉवर हाऊस उभारलं. कोळसा जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन आणि त्या विजेवर मुंबईच्या गाड्या. १९८०च्या दशकात ते बंद पडलं. माझे आजोबा तिथे फिटर होते. टर्बाइनचं पातं कसं असायचं ते हातांनी हवेत आकार काढून दाखवायचे. लहानपणी मी विचारायचे, "आजोबा, खरं पातं दाखवा ना." त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. आता आजोबाही नाहीत. त्या पात्याचा आकार मला माहीत आहे, पण फक्त त्यांच्या हातांचा.

याउलट वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जा. याच मार्गावर मालगाड्या ओढणारं जुनं 'खेकडा' इंजिन तिथे उभं आहे. मोटरचा फिरता जोर दांड्यांनी चाकांपर्यंत कसा जातो, हे मला पुस्तकातल्या आकृतीवरून कधी कळलं नव्हतं, तिथे पाच मिनिटांत कळलं. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी तिचे फोटो टाकले. फोटो टाकायला सगळे येतात. तिचा कार्बुरेटर उघडून, साफ करून, पुन्हा बसवणारे किती उरलेत?

तेव्हा आमची मागणी एवढीच. दरवर्षी निदान एक प्रोजेक्ट जुन्या यंत्राच्या दुरुस्तीचा मान्य करा. वाटल्यास नियम कडक ठेवा. मोडण्याचं कारण शोधलंच पाहिजे, मापं घेऊन ड्रॉइंग काढलंच पाहिजे, दुरुस्तीनंतर टेस्ट झालीच पाहिजे. व्हायवाला हवं ते विचारा. नुसता रंग मारून आणला तर खुशाल नापास करा.

आणि "यात नवीन काय?" याचं उत्तर... सर, यात नवीन आम्ही आहोत. तो पंख ज्यांनी बनवला त्यांनी सगळं नव्याने शिकून बनवला होता. आम्हाला तेच, त्यांच्या चुकीपासून पुढे शिकायचंय.

विषय नामंजूर झाला, तरी पंख अजून तिथेच आहे. पण भंगारवाला महिन्यातून एकदा येतो आणि ॲल्युमिनियमला भाव चांगला मिळतो. दर शनिवारी लेक्चर संपल्यावर आम्ही चौघं वर्कशॉपच्या मागे असतो. मार्क मिळणार नाहीत, हात काळे होतील. बघा, यायचं का!

– बी.ई. (मेकॅनिकल)