आम्ही राहतो ते घर

मराठी बिघडत चालली आहे असे म्हणणाऱ्यांचा सारा रोख शब्दांवर असतो. ‘टेबल’, ‘स्टेशन’, ‘मोबाइल’ यांची मोजदाद करायची, त्यांना पर्याय सुचवायचे आणि ते कोणी वापरत नाही म्हणून हळहळायचे, असा हा शिरस्ता आहे. आमचे म्हणणे असे की उसन्या शब्दांनी भाषेचे फारसे काही जात नाही. ‘तारीख’, ‘कागद’, ‘जिल्हा’ हे शब्दही उसनेच आहेत आणि वाशिम जिल्ह्यातला कोणताही शेतकरी ते परके मानीत नाही. जाते ते वाक्य. मराठी वाक्याचा जो सांधा आज सर्वांत अधिक निखळला आहे, तो नामाला वाक्य जोडण्याचा. शालेय व्याकरणात त्यालाच विशेषणवाक्य म्हणतात.

या जिल्ह्यात इंग्रजी आणि मराठी शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना हा अनुभव दरवर्षी येतो. ‘माझे गाव’ या निबंधात एका विद्यार्थिनीने लिहिले : ‘आमच्या शेतात असणारी ही ती विहीर आहे जी की माझ्या आजोबांनी खोदली होती.’ तेरा शब्द. ही कोणती विहीर, असे तिला तोंडी विचारले, तेव्हा ती चटकन म्हणाली, ‘आमच्या वावरातली विहीर, आबानं खंदलेली.’ पाच शब्द, आणि एकही अडखळ नाही. बोलताना जी मुलगी उत्तम मराठी वाक्य रचते, तिलाच लिहिताना ते रचता येत नाही. दोष तिचा नाही, आमचा आहे. दोन वाक्ये घ्या, मध्ये ‘हू’ किंवा ‘विच’ घाला, ‘हू’ म्हणजे ‘जो’ आणि ‘विच’ म्हणजे ‘जे’, हे आम्हीच तिच्याकडून घोकून घेतले. इंग्रजीच्या तासाला शिकलेला हा नियम तिने मराठीच्या तासाला पाळला, इतकेच.

यात इंग्रजीवरही अन्याय आहे. इंग्रजी बोलणारा मनुष्य हे ‘हू’ आणि ‘विच’ सदासर्वकाळ वापरीत नाही. ‘आम्ही राहतो ते घर’ याला तो ‘द हाउस वुई लिव्ह इन’ म्हणतो; संबंधी सर्वनाम गाळूनच टाकतो. टेबलावरच्या पुस्तकाला तो ‘द बुक ऑन द टेबल’ म्हणतो. ‘विच इज’ बहुधा म्हणत नाही. ‘असणे’ हे क्रियापद इतके सामान्य आहे की जिथे ते न बोलताही कळते तिथे ते बोलू नये, हा त्या भाषेचा संकेत आहे. त्यात संबंधी सर्वनाम म्हणून ‘दॅट’ जुने; ‘हू’ त्या कामाला बऱ्याच उशिरा लागले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये माणसांसाठीही ‘विच’ सर्रास आढळते. जो नियम त्या भाषेत हळूहळू घडला आणि जो तिचे बोलणारे रोज सैल करतात, तो आम्ही वाशिमच्या वर्गात दगडावरची रेघ म्हणून शिकवतो. ‘टेबलावर असणारे पुस्तक’ लिहिणारा मराठी लेखक इंग्रजाहून अधिक इंग्रज होतो, तो असा.

आता घरात काय आहे ते पाहू. नामाला वाक्य जोडण्याच्या निदान चार रीती मराठीत आहेत. पहिली ‘चा’ आणि ‘ला’ यांची : वाशिमचा बालाजी, वावरातली विहीर, कालचे भांडण. इथे क्रियापद लागतच नाही. दुसरी धातुसाधितांची : खोदलेली विहीर, शिकवणारा मास्तर. तिसरी ‘जो-तो’ची : ज्याचे जळते त्याला कळते, ज्याच्या हाती ससा तो पारधी. हिच्यात ‘जो’ आधी प्रश्न टाकतो आणि ‘तो’ मागून उत्तर देतो. म्हणी या साच्यात इतक्या सहज बसतात, त्या उगाच नव्हे. चौथी रीत सर्वांत देखणी, आणि आमच्या पाठ्यपुस्तकी सरावात तिला जवळजवळ जागाच नाही. ‘आम्ही राहतो ते घर’, ‘काल आला तो मुलगा’, ‘तू म्हणतोस ती गोष्ट’. ‘जो’ गळाला, ‘तो’ उरला आणि अर्थाचे काहीही अडले नाही. मराठी आणि इंग्रजी या दोन दूरच्या भाषा बोलण्यात एकाच काटकसरीपाशी येऊन पोचल्या. दोघींनाही वर्गाने उधळेपण शिकवले.

प्रत्येक रीतीचे काम वेगळे आहे. ‘ज्याच्यासोबत मी गेलो तो माणूस’ हे ‘मी गेलेला माणूस’ असे म्हणता येत नाही. तिथे ‘जो-तो’च हवा. अनेकांतून एक निवडायचा असेल तर ‘जो-तो’ त्याला नेमका उचलतो. वस्तू आधीच माहीत असेल आणि तिच्याविषयी काही जास्तीचे सांगायचे असेल, तर दुसरे वाक्य करावे. ‘पद्मतीर्थ, जे की वाशिममध्ये आहे, ते प्रसिद्ध आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘वाशिमचे पद्मतीर्थ प्रसिद्ध आहे’ असे लिहिले, तर काय बिघडते? हा ‘जो की’ हिंदीच्या वाटेने आला, हे उघड आहे. पण हिंदीला दोष देऊनही सुटका नाही. आमच्या वाक्यात इंग्रजी क्रमाने जी फट पडली, तीत तो शिरला.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नामाच्या मागून येणारा ‘जो’ जुन्या मराठीतही सापडतो, संस्कृतात तर सापडतोच. पेशवाईतल्या पत्रांत ‘विनंती ऐसीजे’ असा ‘जे’ही आहे. मग आजच्यांनाच का बोल? आमचे उत्तर सरळ आहे. आम्ही कोणतीही रचना बाद करीत नाही. जुन्या लेखकापाशी चार वाटा होत्या आणि तो त्यांतून एक निवडीत असे. आजच्या विद्यार्थ्यापाशी लिहिताना एकच वाट उरते. ‘असलेला’ही आम्हाला वर्ज्य नाही. ‘पाणी असलेली विहीर’, ‘चालू असलेले काम’ यांना सहज पर्याय नाहीत. तक्रार आहे ती ‘शेतात असणारी विहीर’ आणि ‘जिल्ह्यात असणारे प्रश्न’ यांच्याविषयी.

कोणी म्हणेल, हा शैलीचा बारीकसारीक वाद झाला; चार शब्द जास्त लिहिले म्हणून कोणाचे काय गेले? गेले ते सांगतो. ‘असणे’ या क्रियापदाला कर्ता लागतो, पण करणारा लागत नाही. ‘बंद असलेली शाळा’ म्हटले की शाळेची अवस्था कळते. ‘बंद पडलेली शाळा’ म्हटले की तिला एक भूतकाळ मिळतो. ‘बंद केलेली शाळा’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. ‘प्रलंबित असलेली प्रकरणे’ आपोआप लोंबकळत असतात. ‘रखडवलेल्या प्रकरणां’ना रखडवणारा असतो.

हे आमच्या जिल्ह्यालाच लावून पाहावे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत आला. तेव्हापासून भाषणांत आणि बातम्यांत ‘मागास असलेला जिल्हा’ हे शब्द आमच्या कानांवर सतत पडत आले आहेत. आता तीन वाक्यांश शेजारी ठेवा : मागास असलेला जिल्हा, मागे राहिलेला जिल्हा, मागे ठेवलेला जिल्हा. पहिल्यात मागासपण हा जिल्ह्याचा स्वभाव आहे, जसा खडकाचा काळेपणा. दुसऱ्यात ती घडलेली गोष्ट आहे, पण जणू जिल्ह्याचीच चाल मंद होती. तिसऱ्यात कोणीतरी ठेवणारा आहे. विदर्भाच्या अनुशेषाचा वाद इतकी वर्षे चालला, तो मुळात या तीन धातुसाधितांमधला वाद आहे. यांपैकी खरे कोणते, हे आकडे आणि इतिहास ठरवोत. पण ज्या विद्यार्थ्यापाशी केवळ ‘असणारा’ हा एकच शब्द उरला आहे, त्याला हा वाद मांडताच येणार नाही. त्याची बाजू हरण्याआधीच त्याचे वाक्य हरलेले असेल.

ज्या गावात आम्ही हे लिहीत आहोत, ते एके काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी होते. काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त लावला, तो याच वत्सगुल्मात. १९३९ मध्ये इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. आम्हाला त्याचा अर्थ असा दिसतो : मिरवायचे ते थोर भाषेत मिरवावे, पण जमीन कोणाला दिली, कोणत्या सवलतींसह दिली, हे चारचौघांना कळणाऱ्या भाषेत लिहावे. आज मराठी अभिजात ठरली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला. वंशावळीची सोय झाली. दानाचा मजकूर कोणत्या मराठीत लिहायचा, हा प्रश्न शिल्लक आहे.

तो वर्गातच सुटेल. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एवढेच करावे : जोडवाक्यांचा सराव देण्याआधी विद्यार्थ्याला ते तोंडी सांगायला लावावे, आणि त्याने सांगितलेले फळ्यावर जसेच्या तसे लिहावे. मग ‘हू’ कुठे लागतो, कुठे गळतो आणि मराठीत त्याच्या जागी ‘ला’, ‘लेला’ की ‘तो’ येतो, हे त्यालाच शोधू द्यावे. त्याने दोन्ही भाषा सुधारतील, असा आमचा अनुभव आहे. त्या विद्यार्थिनीच्या वहीतले वाक्य आम्ही तांबड्या शाईने खोडले नाही. त्याखाली तिनेच उच्चारलेले पाच शब्द लिहिले आणि शेजारी पूर्ण गुण दिले. तिने विचारले, ‘सर, असं लिहिलं तर चालते?’ जी भाषा ती जन्मापासून बोलते, ती लिहिली तर चालते का, हे तिला आमची परवानगी घेऊन विचारावे लागले. आमच्या शिकवण्याबद्दल याहून कठोर अभिप्राय दुसरा कोणता असू शकतो, ते आम्हाला ठाऊक नाही.