अधूनमधून रुसणारी मोटार



पूर्णपणे बंद पडलेली मोटार दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. दोष समोर उभा असतो व मिस्त्री त्याला शोधून काढतो. परंतु जी मोटार सोमवारी चालू होते, मंगळवारी होत नाही आणि बुधवारी गॅरेजच्या दारात पहिल्याच सेल्फला सुरू होऊन मालकाला खोटे पाडते, तिच्यापुढे भले भले मिस्त्री हात टेकतात. मग अंदाजाने आज बॅटरी बदलली जाते, उद्या कॉइल, परवा प्लग. पैसा खर्च होतो व दोष मात्र जागच्या जागीच राहतो.

आपल्या सुपा भागात ही गोष्ट केवळ खर्चाची नाही. काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावरचे जुने सुपा गाव १९८० च्या दशकात १०१ मीटर उंचीच्या धरणामागील जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठिकाण जोयडा झाले, अनेक कुटुंबे रामनगरला जाऊन वसली. जी वाडीवस्ती रानात राहिली, तिला दवाखान्यासाठी दांडेली, कारवार किंवा बेळगावची वाट धरावी लागते. वाडीत एखाद्याच घरी जुनी जीप, मारुती ८०० किंवा अजून जपून ठेवलेली ॲम्बॅसडर असते आणि बाळंतीण असो की सर्पदंश झालेला माणूस असो, सर्वांचा भरवसा तिच्यावरच. अशा रात्री ‘सकाळी पाहू’ असे म्हणता येत नाही.

म्हणून मोटार रुसते त्याच क्षणी तिचे लक्षण ओळखावयास शिकले पाहिजे. पहिला प्रश्न एवढाच: किल्ली फिरविल्यावर इंजिन फिरते की नाही? इंजिन जोमाने फिरत असून पेटत नसेल, तर बॅटरीला दोष देण्याचे कारण नाही. फिरतच नसेल, तर पेट्रोल व प्लग यांकडे तूर्त पाहूच नये. निम्मी वणवण येथेच वाचते.

इंजिन फिरत नसल्यास पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी व दुसऱ्यास दिव्यांकडे पाहावयास सांगावे. दिवे एकदम मंदावले वा विझले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल वा गंजलेली आहे. दिवे तसेच प्रखर राहिले व नुसता ‘टक्’ असा आवाज आला, तर सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन ब्रश यांचा संशय घ्यावा. आवाजही नसेल, तर किल्लीचा स्विच व त्याची बारीक वायर पाहावी.

हल्ली मल्टिमीटर स्वस्त मिळतो. तो घरी असावा. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असता १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान नसेल, तर बॅटरी बदलूनही उपयोग नाही. ती भरलीच जात नाही. मात्र मीटरचे टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवावे, वरच्या क्लॅम्पवर नव्हे. पुष्कळदा त्या दोहोंमधील पांढऱ्या-हिरव्या भुकटीतच सारा रोग असतो. ती गरम पाण्याने धुऊन, घासून, क्लॅम्प घट्ट आवळावा. क्लॅम्प काढताना प्रथम अर्थिंगचा काढावा व बसविताना तो शेवटी बसवावा. बॅटरीजवळ विडी पेटवू नये.

अर्थिंगची वायर ही तर जुन्या मोटारीची खरी ठकविणारी. इंजिन रबरावर बसलेले असते. त्यामुळे वीज परत जाण्यास इंजिनापासून चासीपर्यंत एक जाड विणलेली पट्टी असते. आपल्याकडच्या पावसात तिचे टोक गंजते आणि कधी टेकते, कधी टेकत नाही. एक जंपर केबल बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या स्वच्छ लोखंडास लावावी. सेल्फ तत्क्षणी जोरात फिरू लागला, तर चोर सापडला.

आता इंजिन फिरते परंतु पेटत नाही, त्याविषयी. येथे हवामान विचारावे. पावसाळ्यातील पहाटे हा प्रकार होत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण किल्ली बंद करून काढावे, आतून कोरड्या फडक्याने पुसावे व त्यावर केसासारखी काळी रेघ आहे का ते उजेडात पाहावे. तशी रेघ असल्यास झाकण बदलावे. उलट, कद्र्याहून अणशी घाट चढून वर चहाला थांबल्यानंतर मोटार रुसत असेल, तर दोष उष्णतेचा. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ झाली असेल, तर पंपावर ओले फडके ठेवून पंधरा मिनिटे थांबावे. पेट्रोलचा वास येत असेल, तर आत ते जास्त झाले आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. या दोन्ही उपायांनी भागले नाही व मोटार पूर्ण थंड झाल्यावरच सुरू झाली, तर कॉइल व कंडेन्सर तापलेले असतानाच तपासून घ्यावेत. डिझेल जीपला यांतले काहीच नसते. तिचे हीटर प्लग आणि नळीत शिरणारी हवा पाहावी.

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला, तोवर बहुतेक पेट्रोल मोटारींना हँडलच मारावे लागे. जुन्या जीप व ॲम्बॅसडर यांना ती सोय पुढेही होती. हँडल घरी असल्यास टाकू नये. मात्र गिअर न्यूट्रलमध्ये घालून, हँडब्रेक ओढून, अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिल्यास मनगट मोडते.

मोटारीत एक वही ठेवावी: तारीख, वेळ, पाऊस की ऊन, इंजिन थंड की गरम, आवाज कोणता, काय केल्यावर सुरू झाली. पाच-सहा नोंदींत बहुधा खूण दिसू लागते. ती वही मिस्त्रीस दाखवावी. दोष थंडपणीचा असेल, तर मोटार संध्याकाळीच गॅरेजात सोडावी व सकाळचा पहिला सेल्फ त्यालाच मारावयास सांगावे. गरमपणीचा असेल, तर त्याला शेजारी बसवून घाट चढावा, वर दहा मिनिटे थांबावे आणि मग किल्ली त्याच्या हाती द्यावी.