चक्कर आली, पण केव्हा?



जबलपूरच्या मराठी घरांत एका तक्रारीसाठी शब्दांची वाण नाही. अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, उन्हात भोवळ येते, उंचावरून खाली पाहताना घेरी येते, चालताना झोक जातो. परंतु घरातील वडील माणसास १९५५ साली स्थापन झालेल्या येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले, की विचारपूस हिंदीत होते आणि ही सारी शब्दसंपत्ती ‘चक्कर आ रहा है’ एवढ्या एका वाक्यात सामावते.

या भाषांतरात काही हरवले, म्हणून हळहळण्याचे मात्र कारण नाही. १९७२ साली ड्रॅकमन व हार्ट या अमेरिकन डॉक्टरांनी चक्करेचे चार प्रकार सांगितले. तेव्हापासून ‘नेमके कसे वाटते?’ हाच पहिला प्रश्न मानला जाई. पुढे असे आढळले, की तोच रुग्ण थोड्या वेळाने निराळे वर्णन करतो. पण चक्कर केव्हा येते, किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, हे तो बरेचसे एकसारखे सांगतो. उपचाराची दिशा ठरते ती या उत्तरांवरून.

उभे राहताच अंधारी येत असेल, तर प्रथम निजलेल्या स्थितीत आणि मग उभे करून एका व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजतात. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण बहुधा तेथेच असते. अनेक दिवसांची विश्रांती, जुलाब-तापाने शरीरातील घटलेले पाणी किंवा रक्तदाबाची व लघवी वाढविणारी औषधे यांमुळे असे होते. येथे चक्करेच्या गोळीपेक्षा पाणी आणि डॉक्टरांनी बदललेली औषधांची मात्रा अधिक गुणकारी ठरते.

कुशीवर वळताच खोली गरगरून मिनिटाच्या आत थांबत असेल, तर दोष सामान्यतः कानात असतो. आतील कानातील चुनखडीचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ साली वर्णिलेल्या परीक्षेत रुग्णास झटकन निजवून त्याच्या डोळ्यांची हालचाल पाहतात. एपली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोके क्रमाने वळवून ते कण मूळ जागी आणता येतात. काही मिनिटांचे हे काम जाणत्या हातानेच व्हावे.

परंतु चक्कर अचानक सुरू होऊन तासन्‌तास थांबत नसेल, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. कानाच्या मज्जातंतूचा दाह जसा असे करतो, तसाच लहान मेंदूचा झटकाही. जीभ जड होणे, एकाची दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, आधाराविना उभे राहता न येणे, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर क्षणही न दवडता परिचारिकेस बोलवावे. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या आरंभीचे थोडे दिवस उपयोगी पडतात. महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूला तोल पुन्हा सावरण्यास उलट विलंब लागतो.

रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या आप्ताने दोन गोष्टी अवश्य कराव्यात. एक, चक्करेची वेळ, अवधी, त्यापूर्वीची हालचाल आणि चालू असलेली सर्व औषधे कागदावर टिपून ठेवावीत. दुसरी, रात्री लघवीसाठी रुग्णास एकट्याने उठू देऊ नये. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसवावे, मग हात धरून उभे करावे. चक्कर बहुधा उपचाराने बरी होते. पण तिच्यामुळे पडून मांडीचे हाड मोडले, तर वृद्ध माणसाचे हिंडणे-फिरणे कायमचे थांबू शकते.