चांदीची पन्नी आणि दहा अँपिअरचा फ्यूज

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमचे खामगाव कापसासाठी आणि चांदीसाठी ओळखले जाते. परगावचा पाहुणा आला की आपण त्याला चांदीच्या कारागिरांविषयी अभिमानाने सांगतो. परंतु ज्या चांदीने माझ्या आईचा जीव धोक्यात आणला, ती सराफ्यातील नव्हती. ती होती सिगारेटच्या पाकिटातील पन्नी! मोटारगाडीच्या फ्यूजवर ती गुंडाळलेली होती. या पन्नीविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय लहान आहे, पण वाचकांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

माझा मोठा भाऊ काळी-पिवळी चालवतो. गाव ते खामगाव, खामगाव ते गाव. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी फी भरली जाते ती दादाच्या स्टिअरिंगवर. तरीही पहिल्या वर्षी वर्गमित्रांनी विचारले तेव्हा मी 'भाऊ ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे' असे मोघम उत्तर दिले होते, हे आज प्रांजळपणे कबूल करतो.

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर दादाने गाडीत नवा प्लेअर बसवून घेतला. गाडीत गाणे हवेच कशाला, असे विचारणारी मंडळी आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच की, दिवसभर त्याच रस्त्यावर बारा-बारा फेऱ्या मारणाऱ्या माणसाला आणि बाजार करून थकून परतणाऱ्या बायामाणसांना गाणे ही चैन वाटत नाही. शिवाय ही हौस काही आजची नव्हे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंच्या कंपनीने 1930 साली मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि 'मोटोरोला' हे नाव त्याच रेडिओचे. 1963 साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. पुढे सीडी आली, पेनड्राइव्ह आला, ब्लूटूथ आले. वस्तू बदलत गेली. गाडीच्या बॅटरीतून तिच्यापर्यंत वीज सुरक्षित नेण्याचा प्रश्न मात्र तोच राहिला.

दादाचा प्लेअर रस्त्याकडेच्या एका मिस्तऱ्याने तासाभरात बसवून दिला. मजुरी दोनशे रुपये. आवाज झकास! पण दोन दिवसांत फ्यूज उडाला. नवा टाकला, तोही उडाला. तिसऱ्या वेळी मिस्तरी म्हणाला, "सारखा फ्यूज काहून बदलता? हा घ्या पक्का इलाज." आणि त्याने बॅटरीजवळच्या काचेच्या फ्यूजवर पन्नी गुंडाळून दिली. त्यानंतर फ्यूज उडाला नाही. आम्ही त्याला हुशार म्हटले.

आठ दिवसांनी, गुरुवारी, आई शेजारणींबरोबर दादाच्याच गाडीने शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला निघाली. मी पुढे बसलो होतो. वाटेत जळका वास आला आणि डॅशबोर्डखालून धूर निघू लागला. दादाने गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना उतरवले आणि बॉनेट उघडून बॅटरीची वायर हाताने ओढून काढली. त्याच्या तळहाताला फोड आले, पण आग भडकली नाही. माणसे वाचली. वायरिंगचा मात्र कोळसा झाला, चार दिवस गाडी उभी राहिली आणि माझ्या परीक्षेच्या फॉर्मसाठी ठेवलेले पैसे दुरुस्तीत गेले.

याच आपल्या जिल्ह्यात, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ, 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर एक खाजगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी मृत्यू पावले. ती आग अपघातातून लागली होती; तिचा वायरिंगशी संबंध जोडणे योग्य होणार नाही. पण चालत्या गाडीत आग माणसाला किती थोडा वेळ देते, हे बुलडाणा जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको.

दुरुस्ती करणारे खामगावचे काका सातवीपर्यंत शिकलेले. मी टॉर्च धरून त्यांच्याशेजारी बसलो. त्यांनी बॉनेटमधून आत येणारी वायर दाखवली. पत्र्याच्या भोकातून ती तशीच ओढून घेतली होती. मध्ये रबराची कडी नव्हती. गाडीच्या हादऱ्यांनी वायरचे कवच पत्र्याच्या धारेवर घासत गेले आणि आतले तांबे बॉडीला टेकले.

"पोरा," काका म्हणाले, "फ्यूज उडून रायला म्हणजे तो सांगून रायला का कुठंतरी बिघाड हाये. तुमच्या मिस्तऱ्यानं सांगणाऱ्याचंच तोंड बांधलं."

त्या दिवशी मी जे शिकलो ते वहीत उतरवून घेतले. गाडीच्या बॅटरीचा दाब 12 व्होल्ट. 120 वॅट खाणारे यंत्र लावले तर वायरमधून 120 भागिले 12, म्हणजे 10 अँपिअर प्रवाह वाहणार. चौथीतल्या मुलाला जमेल असा हा भागाकार. फ्यूज असतो तो मुख्यतः वायर वाचवण्यासाठी. वायरला जेवढा प्रवाह झेपेल त्याच्या आत फ्यूज वितळला पाहिजे. पन्नी लवकर वितळत नाही, म्हणून तिच्याऐवजी वायर तापते आणि पेटते. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरला कोणीच राखणदार नसतो.

वायरच्या रंगांनाही अर्थ असतो, हे मला ठाऊक नव्हते. बहुतेक प्लेअरमध्ये पिवळी वायर बॅटरीची, सतत चालू. घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशने तिच्यामुळे लक्षात राहतात. लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होणारी. काळी वायर बॉडीला, म्हणजे अर्थिंगला. पुढचा डावा स्पीकर पांढऱ्यावर, उजवा करड्यावर. मागचा डावा हिरव्यावर, उजवा जांभळ्यावर. आणि ज्या वायरवर काळी रेघ ती ऋण. लाल वायरही थेट बॅटरीला जोडली तर चावी काढली तरी प्लेअर वीज खात राहू शकतो आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. जोड नुसता पिळून चिकटपट्टी गुंडाळली तर वैशाखाच्या उन्हात तिचा डिंक सुटतो. म्हणून जोड झाळून त्यावर नळी चढवावी. प्लेअरची खाचदेखील ठरलेल्या मापाची असते, 180 मिलिमीटर रुंद आणि 50 उंच. जर्मनीतील हे माप पुढे जगभर चालले.

मित्रहो, भाषेच्या तासाला आम्हाला शिकवतात की चिन्ह आणि अर्थ यांचे नाते समाजाने ठरवलेले असते. पिवळा म्हणजे कायम, लाल म्हणजे चावी, हेही तसेच नाते नव्हे काय? ही एक लिपीच आहे. सातवी शिकलेले काका ती घडाघडा वाचत होते आणि बी. ए.चा विद्यार्थी शेजारी निरक्षरासारखा बसला होता! काम संपल्यावर त्यांनी सहज विचारले, "कॉलेजात हे नाही शिकवत काय?" मला उत्तर देता आले नाही.

माझे म्हणणे हेच आहे की, वायरिंगला आपण ज्ञान मानत नाही. आपण त्याला 'खटपट' मानतो, आणि जे खटपट मानले जाते ते कसेही केले तरी चालते. ज्याने पन्नी गुंडाळली त्याला एकट्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्याला कोणी शिकवले नव्हते. आम्हीही काही विचारले नाही. दोनशे रुपयांत काम झाले, यातच आम्हाला आनंद होता. काकांनी मजुरी जास्त घेतली, पण जळालेल्या वायरिंगचा हिशेब मांडला तर तीच स्वस्त पडली असती.

कोणी म्हणेल, कला शाखेच्या मुलांना याचे काय? पण आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी ट्रॅक्टर, ऑटो, काळी-पिवळी किंवा निदान मोटारसायकल आहे. पदवी घेऊनही उद्या अनेकांना पोटासाठी हाताचेच काम करावे लागणार आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यावसायिक शिक्षण सर्व शाखांत आणण्याची भाषा केली आहे. मग आमच्या महाविद्यालयाने महिन्यातून एका शनिवारी दुपारी काकांसारख्या जाणत्या कारागिराला बोलवावे आणि त्यांना मानाने खुर्ची व मानधन द्यावे. कॉलेजबाहेरच्या रस्त्याकडेच्या मिस्तऱ्यांनाही त्या दिवशी वर्गात बसण्याची मुभा असावी.

तोपर्यंत निदान एवढे करू या. गाडीत काही बसवून घेताना तीन प्रश्न विचारू: फ्यूज किती अँपिअरचा? तो बॅटरीजवळ आहे काय? पत्र्यातून जाणाऱ्या वायरला रबराची कडी घातली काय? जो नीट उत्तर देईल त्याला मजुरीचे दोन पैसे जास्त देऊ.

दादाच्या गाडीत आता पुन्हा गाणी वाजतात. आई शेगावला जाऊन आली. गाडीच्या कप्प्यात दहा अँपिअरचे चार फ्यूज असतात. ते मीच आणून ठेवले आहेत. आणि भाऊ काय करतो असे कोणी विचारले, तर मी आता सरळ सांगतो, काळी-पिवळी चालवतो.